पाडण्याचा खर्च

एकाच घटनेची दोन वाक्यं आहेत. पहिलं असं : राजाच्या हुकमानं किल्ला पाडण्यात आला आणि दंडासकट पाडण्याचा खर्च गावकऱ्यांकडून वसूल करण्यात आला. दुसरं असं : गावकऱ्यांनी राजाकडे अर्ज केला, पैसे भरले आणि किल्ला पाडून घेतला. दोन्हींत किल्ला तोच, काळ तोच आणि रक्कमही तीच, १ लाख लिव्ह्र. फरक आहे तो क्रियापदाचा. पण क्रियापद बदललं की वाक्यातला कर्ता बदलतो, आणि कर्ता बदलला की समोर पडलेले दगडही बदलतात. पहिल्या वाक्यातले दगड म्हणजे जखम. दुसऱ्या वाक्यातले दगड म्हणजे पावती.

हा किल्ला दक्षिण फ्रान्समध्ये, प्रॉव्हांसमध्ये आहे. गावाचं नाव ले बो. आर्ल शहरापासून वीसेक किलोमीटरांवर आल्पीय नावाच्या चुनखडीच्या पांढऱ्या टेकड्या आहेत. त्यांतलाच एक सुळका पुढं आलेला, माथ्यावर सपाट, कडेला तुटलेला. प्रॉव्हांसाल भाषेत अशा कड्याला जो शब्द आहे, तोच गावाचं नाव होऊन बसला. माथ्यावर किल्ला, त्याच्या अंगाला चिकटून गाव. किल्ला अर्धा बांधलेला आणि अर्धा डोंगरातूनच कोरलेला आहे, त्यामुळे कातळ कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते हे जवळ जाऊनही सांगता येत नाही. एका बाजूला कबुतरांसाठी कोरलेले शेकडो कोनाडे उघडे पडलेत. त्यांच्यासमोरची खोली आता हवेत आहे. खाली गावात एका उभ्या भिंतीत १५७१ हे साल कोरलेली देखणी खिडकी आहे. तिच्यामागं घर नाही. माथ्याच्या दक्षिण टोकाला उभं राहिलं की ऑलिव्हच्या बागा, त्यापलीकडचा सपाट मुलूख आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्राकडची चमक दिसते. देखणी जागा आहे, यात वाद नाही. वाद आहे तो आपण तिथं नेमकं काय पाहतो याविषयी.

ले बोचे सरदार स्वतःला बल्थाझारचे वंशज म्हणवत. बाळ येशूला भेटायला ताऱ्याच्या मागं निघालेल्या तीन ज्ञानी पुरुषांपैकी हा एक. म्हणून त्यांच्या ढालीवर सोळा किरणांचा तारा असे. आपल्याकडच्या घराण्यांनी सूर्याला नाहीतर चंद्राला मूळपुरुष केलं, त्यातलाच हा प्रकार. ऐन भरात असताना ७९ गावं आणि गढ्या त्यांच्या ताब्यात होत्या असं सांगतात. बाराव्या शतकात प्रॉव्हांसच्या मालकीवरून त्यांनी बार्सेलोनाच्या काउंटांशी लढाया केल्या आणि त्या ते हरले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस घराण्याची वारस अलिक्स नावाची मुलगी होती आणि तिचा पालक होता रेमों द त्युरेन. तो एका पोपचा पुतण्या आणि दुसऱ्या पोपचा शत्रू. त्यानं भाडोत्री सैनिक हाताशी धरून वर्षानुवर्षं प्रॉव्हांस लुटला. खंडणी न मिळालेल्या कैद्यांना तो किल्ल्याच्या कड्यावरून उडी मारायला लावी आणि ते कचरले की हसत असे, अशी कथा आहे. तो पोपशी आणि काउंटशी एकाच वेळी लढत होता, तेव्हा या कथा त्याच्या मित्रांनी रचल्या नसणार हे उघड आहे. पण शत्रूनं सांगितली म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. त्याच्या फौजेनं जाळलेली गावं मात्र खरी होती. १४२६ मध्ये अलिक्स निपुत्रिक वारली आणि घराणं संपलं. १४८१ मध्ये प्रॉव्हांस फ्रान्सच्या राजाकडे आला. सतराव्या शतकाच्या तिशीत, तेराव्या लुईच्या अमदानीत, राजाच्या भावाच्या बाजूच्या बंडखोरांनी किल्ल्याचा आसरा घेतला, राजाच्या फौजेनं वेढा घातला, आणि त्यानंतर सुरुवातीच्या दोन वाक्यांतली घटना घडली.

मी गेले तो नोव्हेंबरमधला आठवड्याचा मधला दिवस होता. वारा इतका होता की माथ्यावर बोललेलं शेजारच्या माणसाला ऐकू जात नव्हतं. पर्यटक थोडे होते. अशा वेळी पडक्या बुरुजासमोर उभं राहिलं की मनात एक हुरहूर येते. ती दुःखाची नसते, कारण तिच्यात सुख असतं. आणि ती निव्वळ सुखाची नसते, कारण काहीतरी गमावल्याची कळ तिच्यात असते. युरोपात गेली अडीचशे वर्षं या हुरहुरीवर चित्रं काढली गेली, कविता लिहिल्या गेल्या. श्रीमंतांनी तर आपल्या बागांत मुद्दाम खोटे भग्नावशेष बांधून घेतले. जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेल यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भग्नावशेषांवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : इमारत उभी असते तेव्हा माणसाच्या इच्छेनं दगडाच्या वजनावर मात केलेली असते, ती ढासळते तेव्हा निसर्ग आपलं परत घेतो, आणि या देवाणघेवाणीत आपल्याला एक शांतता दिसते. पण त्यानंच पुढं एक अट घातली आहे. वास्तू माणसाच्या हातांनी पाडलेली दिसली तर ही शांतता मिळत नाही. निसर्गानं केलं तर ते भग्नावशेष, माणसानं केलं तर नासधूस.

ले बोचा किल्ला या अटीत बसत नाही. तो पावसानं पडला नाही, भूकंपानं नाही. तो माणसांनी पाडला. तरीही तिथं जाणाऱ्या प्रत्येकाला ती हुरहूर लागते, कारण चारशे वर्षांच्या उन्हावाऱ्यानं घणाच्या खुणा पुसल्या आहेत. आता तो निसर्गानंच पाडल्यासारखा दिसतो. म्हणजे आपण जी शांतता अनुभवतो ती एका गैरसमजावर उभी आहे. आणि हा गैरसमज कुणाच्या फायद्याचा आहे ते पाहिलं की प्रश्न नुसता सौंदर्याचा राहत नाही. आपण हळहळतो ती नेमकी कुणाच्या वतीनं?

ताऱ्याची ढाल मिरवणाऱ्या सरदारांच्या वतीनं, हे त्याचं सरळ उत्तर. आपण माथ्यावर उभे राहून खाली पाहतो. किल्लेदाराच्या जागेवर उभे राहून, किल्लेदाराच्या नजरेनं. इथं मुलूख किती दूरवर दिसतो म्हणून आपण हरखतो, पण तो दूरवर दिसावा म्हणूनच किल्ला इथं बांधला होता. खालच्या शेतात राबणाऱ्याला वरून कुणीतरी सतत पाहत असे, हे त्या देखण्या दृश्याचं दुसरं टोक. ते टोक आपल्या वाट्याला येत नाही, कारण आपण तिकीट काढून थेट वर जातो.

मराठी माणसाला हा विचार थोडा अवघड जातो, आणि तो का जातो हे सांगितलं पाहिजे. किल्ला पाहायची माझी नजर सह्याद्रीत घडली. आम्ही गडावर जातो ते पाहुणे म्हणून नव्हे, वारस म्हणून. १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या पायऱ्या आणि तट सुरुंगानं उडवले. त्या तुटक्या पायऱ्यांवरून चढताना आमची हळहळ उसनी नसते. पडका बुरुज आमच्यासाठी आमचाच पराभव असतो. ही नजर घेऊन मी ले बोला गेले आणि तिथंही बुरुज पडलेला पाहून आपोआप बुरुजाच्या बाजूची झाले. पण आपल्याच भाषेत एक शब्द असा आहे की त्यानं मला थांबवलं. तो शब्द म्हणजे घेरा. गडाच्या पायथ्याभोवतीचा मुलूख, तिथली गावं आणि तिथली माणसं यांना मिळून घेरा म्हणतात. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही नावं आजही आहेत. गड राखायचा तो घेऱ्यातल्या माणसांच्या जिवावर. लाकूडफाटा, गवत, पाणी, पहारा, सगळं खालून वर जायचं. गडाचा इतिहास बखरींत आला, घेऱ्याचा फारसा आला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते फार जाणतेपणानं लिहिलेलं आहे. पण ते राज्याच्या बाजूनं लिहिलेलं आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. घेऱ्यानं आज्ञापत्र लिहिलं असतं तर त्यात काय आलं असतं, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ले बोला एकदा, निदान दोन वाक्यांपैकी एका वाक्यात, घेरा बोललेला ऐकू येतो. तो म्हणतो : हा किल्ला आम्हाला नको.

का नको, हे समजायला विशेष कल्पनाशक्ती लागत नाही. किल्ला गावाचं रक्षण करतो असं आपण शाळेत शिकतो. पण किल्ला गावावर संकट ओढवूनही आणतो. ज्या गावाला किल्ला नाही त्याला कुणी वेढा घालत नाही. वर जो कोणी बंडखोर येऊन बसेल त्याचं भांडण खालच्या गावाचं होतं. त्याची रसद गावातून जाते, त्याला हुसकावायला आलेली फौज गावात उतरते, दोन्ही बाजू गावातलंच धान्य खातात. त्युरेन असो, धर्मयुद्धातले कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असोत, राजाच्या भावाचे पक्षपाती असोत, सगळ्यांना तो माथा हवा होता आणि गाव कुणालाच नको होतं. दोनअडीचशे वर्षं हे सोसल्यावर एखाद्या गावानं ठरवलं की भांडणाचं मूळच उखडून टाकू, तर त्यात शहाणपणाच दिसतो.

भाषांतराचं काम करणाऱ्याला इथं आपली हत्यारं बाहेर काढावी लागतात. मराठीत पडणं या एका धातूपासून किती घरं चढत जाता येतं पाहा. किल्ला पडला : कुणाचाच दोष नाही. किल्ला पाडला : कुणीतरी केलं. किल्ला पाडवला : कुणीतरी दुसऱ्याकडून करवून घेतलं. किल्ला पाडून घेतला : ज्यानं करवलं त्याच्या फायद्यासाठी झालं, घर रंगवून घेतो, दात काढून घेतो, तसं. आणि किल्ला पाडावा लागला : करणाऱ्याची इच्छा नव्हती, पण गत्यंतर नव्हतं. माझ्या हाती आलेल्या प्रवासी पुस्तकांतून बहुतेक पहिलं वाक्य येतं : रिशल्यूनं हुकूम सोडला, गावाला शिक्षा झाली. स्थानिक इतिहास जास्त तपशिलात सांगणाऱ्या फ्रेंच लेखनात दुसरं येतं : युद्धांनी थकलेल्या गावकऱ्यांनी जहागिरी विकत घेण्याचा आणि तट पाडण्याचा परवाना मागितला आणि राजाच्या मंडळानं पैसे घेऊन तो दिला. पर्यटकाला पहिलं वाक्य आवडतं यात नवल नाही. त्यात एक खलनायक आहे, एक बळी आहे, आणि किल्ल्याबद्दल हळहळायची मुभा आहे. दुसऱ्या वाक्यात हळहळणाऱ्याची पंचाईत होते. ज्या वस्तूपासून सुटका मिळावी म्हणून लोकांनी पदरचे पैसे मोजले, ती वस्तू गेल्याचं दुःख त्यांच्याच दारात उभं राहून कसं करायचं?

पण दुसऱ्या वाक्यावरही लगेच विश्वास टाकता येत नाही. अर्ज ही चीज मोठी फसवी असते. वेढा नुकताच उठला आहे, राजाची फौज अजून मुलखात आहे, आणि अशा वेळी गाव विनंती करतं की आमचा किल्ला पाडण्याची कृपा व्हावी. ही विनंती मनापासूनची की मान तुकवून केलेली? हरलेली माणसं शिक्षा टाळायला ती स्वतःच मागून घेतात, हे जगातल्या कुठल्याही कचेरीत पाहायला मिळतं. शिवाय १ लाख लिव्ह्र ही लहानशा गावासाठी पाठ मोडणारी रक्कम. शांतता विकत घेतली म्हणायचं, की खंडणी भरली म्हणायचं? मराठीत खंडणी हा शब्द लुटारूलाही लागतो आणि राजालाही लागला आहे, ही आपल्या भाषेची मोठी प्रामाणिक खूण आहे. त्युरेन कैद्यांच्या नातेवाइकांकडे जे मागत होता आणि राजानं गावाकडून जे घेतलं, त्यांत शिक्क्याचा फरक होता. देणारा मात्र एकच होता.

मग दोन्ही वाक्यं खरी धरायची का? मला वाटतं, इथं ‘खरी इच्छा’ आणि ‘खोटी इच्छा’ अशी कापणी करणंच चुकीचं आहे. मोकळ्या माळावर उभं राहून, कुणाचंही दडपण नसताना निर्णय घ्यायचं भाग्य गरीब माणसाला फार क्वचित मिळतं. तो निर्णय घेतो तो अडलेल्या वेळी, कुणाच्या तरी फौजेसमोर, कुणाच्या तरी दारात. म्हणून त्याचा निर्णय त्याचा नव्हे असं म्हणालो तर आपण त्याच्याकडून उरलेली एकमेव वस्तूही काढून घेतो. ले बोच्या लोकांना दडपण होतं हे खरं. दडपणाखाली त्यांनी जे मागितलं ते त्यांना खरोखर हवं होतं, हेही खरं असू शकतं. दात दुखतो म्हणूनच आपण तो काढून घेतो. दुखण्याची जबरदस्ती होती म्हणून काढण्याचा निर्णय आपला नव्हता असं कुणी म्हणत नाही. ‘पाडावा लागला’ आणि ‘पाडून घेतला’ ही दोन क्रियापदं एकाच तोंडी एकाच दिवशी असू शकतात.

या गोष्टीला पुढं एक कडू शेपूट आहे. १६४२ मध्ये राजानं ले बोची जहागिरी मोनाकोच्या ग्रिमाल्दी राजाला बहाल केली. सरदारापासून सुटायला गावानं दाम मोजला आणि दहाएक वर्षांत डोक्यावर नवा सरदार आला. ती पदवी अजून चालू आहे. मोनाकोचा आत्ताचा युवराज, २०१४ मध्ये जन्मलेला, ले बोचा मार्की म्हणवला जातो. त्यात आता सत्ता काही नाही, नुसतं नाव आहे. पण एक गोष्ट टिकली. सरदार आले आणि गेले, किल्ला परत बांधला गेला नाही. गावानं जे विकत घेतलं होतं ते म्हणजे वर रिकामा माथा. तो त्यांना मिळाला आणि त्यांच्याकडेच राहिला.

आज तो रिकामा माथा वर्षाला सुमारे १५ लाख लोक पाहायला येतात. जुन्या गावात, वर, वीसबावीसच माणसं कायमची राहतात असं सांगतात. बाकीची खाली, जिथं गाडी दारापर्यंत येते. गल्ल्यांमध्ये लव्हेंडरच्या पुरचुंड्या, ऑलिव्हचं तेल, साबण, मातीच्या छोट्या बाहुल्या. माथ्यावर वेढ्याच्या जुन्या यंत्रांच्या लाकडी प्रतिकृती उभ्या केल्या आहेत आणि हंगामात त्यांची प्रात्यक्षिकं होतात; दगड उडतो, पोरं टाळ्या वाजवतात. यावर नाक मुरडणं सोपं आहे. मला ते करायचं नाही. ज्या किल्ल्यानं गावाचं धान्य खाल्लं, त्या किल्ल्याच्या चुऱ्यावर गावानं चार पैसे कमवले तर तो उशिरा परत आलेला हप्ता समजावा. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांनाही दोष देऊ नये. सहाशे वर्षांपूर्वीच्या कैद्यांसाठी रडायला सांगणं म्हणजे रडण्याची नक्कल शिकवणं. मेलेल्यांना आपल्या दुःखाची गरज नाही. त्यांचं आपल्याकडे जे येणं आहे ते वेगळं आहे : त्यांची गोष्ट सांगताना कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करू नये. भाषांतरकार मूळ लेखकासाठी रडत नाही. तो क्रियापद जपतो. पाहुण्यानंही तेवढंच करावं, आणि तेवढं पुष्कळ आहे.

यातून एक व्यावहारिक प्रश्न निघतो, तो पुनर्बांधणीचा. एकोणिसाव्या शतकात या विषयावर युरोपात मोठा वाद झाला. फ्रान्समध्ये व्हिऑले-ल-द्यूकनं कार्कासॉन शहराचा तट बुरुजांवर टोकदार छपरं चढवून पुन्हा उभारला, इतका नेटका की पूर्वी तसा तो असेलच असं नाही. इंग्लंडमध्ये रस्किननं १८४९ मध्ये उलटं म्हटलं : जुन्या वास्तूंना हात लावायचा आपल्याला अधिकारच नाही, त्या बांधणाऱ्यांच्या आहेत आणि पुढच्या पिढ्यांच्या आहेत. दोघांची मतं एकमेकांविरुद्ध, पण दोघांच्याही हिशेबात एक माणूस धरलेलाच नाही. तो म्हणजे पाडणारा. बांधणाऱ्याची इच्छा आपण शतकानुशतकं जपतो. पाडणाऱ्याच्या इच्छेला मान द्यायचा की नाही? ले बोचा किल्ला उद्या कुणी हुबेहूब पुन्हा बांधला तर तो दगडाला न्याय देईल आणि गावकऱ्यांचा व्यवहार रद्द करील. तिथली रिकामी जागा हीच तिथली वास्तू आहे. तिच्यासाठीच पैसे मोजले गेले होते.

इथं मला स्वतःचाच हात धरून थांबवावंसं वाटतं. पाडणाऱ्याच्या बाजूनं बोलणं आपल्या देशात जपून करायची गोष्ट आहे. पाडकाम हा शब्द आपल्याकडे निरागस उरलेला नाही. तो प्रार्थनास्थळांना लागला, झोपड्यांना लागला, आणि दर वेळी पाडणाऱ्यांनी आपण जुना अन्याय पुसतो आहोत असंच सांगितलं. मग ले बोचं उदाहरण देऊन मी त्यांच्याही हाती दगड देते आहे का? मी तीन प्रश्नांनी हे दोन्ही वेगळं करते. जे पाडलं ते कुणाच्या डोक्यावर होतं? खर्च कुणाच्या खिशातून गेला? आणि पाडल्यावर पाडणारे कुठं राहिले? ले बोच्या लोकांनी पाडलं ते त्यांच्याच डोक्यावर बसलेलं, अजून जिवंत असलेलं ओझं. शेकडो वर्षांपूर्वीचा हिशेब उकरून काढून दुसऱ्याच्या अंगणात नेलेला नव्हता. दाम त्यांनी स्वतः भरला, दुबळ्या शेजाऱ्याकडून वसूल केला नाही. आणि काम झाल्यावर ते त्याच ढिगाऱ्याशेजारी, त्याच वाऱ्यात राहत राहिले. ज्या पाडण्याचा खर्च पाडणारा सोडून दुसराच कुणी भरतो, तिथं मुक्ती हा शब्द वापरू नये. तिथं आपला लुईच्या दरबाराशी संबंध असतो, गावाशी नव्हे.

गावाच्या नावाला मात्र एक वेगळंच आयुष्य मिळालं. १८२१ मध्ये प्येर बेर्त्ये नावाच्या भूवैज्ञानिकानं ले बोजवळची तांबडी माती तपासली. तिच्यात ॲल्युमिनियमचा अंश भरपूर निघाला आणि तिला या गावावरून बॉक्साइट हे नाव पडलं. सोळा किरणांचा तारा आज इतिहासाच्या अभ्यासकाखेरीज कुणाला आठवत नाही. बॉक्साइट हा शब्द कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी आणि शाहूवाडीच्या सड्यांवर मजुराच्या तोंडीही आहे. तिथंही गडांच्या आसपासचे माथे खरवडले गेले. त्या धातूची पातेली घरोघर आली तेव्हा आपल्या आयाबायांनी त्यांना जर्मनची भांडी म्हटलं. फ्रेंच गावाची माती, सह्याद्रीतली खाण, नाव जर्मनीचं. सरदारांना आपलं नाव ताऱ्यापर्यंत पोचवायचं होतं. ते स्वयंपाकघरापर्यंत पोचलं ते पायाखालच्या मातीमुळे. घेऱ्याचा हाही एक लहानसा विजयच म्हणायला हवा.

त्या माथ्यावर पुतळा आहे तो कुठल्या सरदाराचा नाही. तो शार्लून रियूचा आहे. खालच्या पारादू गावचा हा शेतकरी १८४६ मध्ये जन्मला आणि १९२४ मध्ये वारला. शेतात काम करता करता त्यानं प्रॉव्हांसालमध्ये गाणी रचली. आणि होमरची ओडिसी त्यानं आपल्या त्या भाषेत आणली, जिला पॅरिसच्या शाळांत बोली म्हणून हिणवत होते. दहा वर्षं वेढा चाललेलं एक शहर पडल्यावर घरी परतणाऱ्या माणसाची ती कथा. किल्ले जिंकणाऱ्यांचं महाकाव्य किल्ल्याखाली राबणाऱ्याच्या भाषेत आलं. माझ्या व्यवसायातल्या माणसाचा पुतळा मी आजवर दुसऱ्या कुठल्याही किल्ल्यावर पाहिलेला नाही, आणि तो इथं उभा राहू शकला याचं कारण माथा आधी रिकामा झाला होता.